बोटीवरचा आमचा माणूस

गेल्या वैशाखात वाडीतल्या एका लग्नात, जेवून उठल्यावर हात धुवायच्या जागी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मांडवात दुसरी पंगत बसत होती, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सगळीकडे भरला होता आणि स्पीकरवर कोणीतरी नवरीच्या मामाला हाका मारत होतं. त्या गोंगाटात माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ताय, तो तांडेल बरो माणूस होतो गो." एवढंच. मागचं-पुढचं काही नाही. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. कुठला तांडेल, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्याने पँटीला हात पुसले आणि मांडवामागे पोरं खुर्च्या रचत होती तिकडे निघून गेला. मी पुन्हा आत जाऊन बायकांत बसले, आहेराचं बघितलं, नवरीच्या आईला धीर दिला. पण ते वाक्य जागचं हलेना. पावसाळा लागला, होड्या शाकारून झाल्या, बंदी उठायचे दिवस जवळ आले, तरी ते आहेच.

मालवणच्या किनाऱ्यावरचं हे भांडण कोकणात कोणाला नव्याने सांगायला नको. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला गराडा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घातले, २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली, आणि तरीही अमावास्येच्या आसपास आमच्या समोरच्या दर्यात उजेडाची गावं वसतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणाऱ्याला मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो. गिलनेटवाल्याला तो निदान दोन-चार तासांच्या अंतरावर असावा लागतो. बाहेर रात्रभर पाण्यात दिवे सोडून सगळा मासा, पिल्लांसकट, एका जागी बोलावून घेतला तर आत काय येणार? रापणीला दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, म्हाताऱ्याचा, पोराचा, विधवेचासुद्धा. जाळं रिकामं आलं की ते सगळे वाटे एकदम रिकामे होतात. मी हे किनाऱ्यावर उभी राहून बघितलेलं आहे. म्हणून या भांडणात मी कोणाच्या बाजूची, हा प्रश्न मला कधीच पडला नाही. आजही पडत नाही.

लग्नात भेटलेला तो पोरगा असल्याच एका दिव्यांच्या मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. गेला होता म्हणजे आम्ही पाठवला होता.

आमच्या मच्छीमारांच्या समितीतल्या मोजक्या माणसांनाच माहीत होतं. वाडीत सांगितलं की पोरगा दुसऱ्या जिल्ह्यात कामाला लागला. बोटीवर सांगितलं की घरी कर्ज आहे आणि कुठलंही काम चालेल. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, हे मला नंतर सुचलं. त्याचा निरोप माझ्या फोनवर यायचा, कारण एका बाईच्या नंबरावर रात्री कॉल गेला तर कोणाला नवल वाटत नाही. खलाशी घरी फोन करतातच. समुद्रात रेंज असते तोवरच काम. त्यामुळे बोलणं नाही, नुसता मिस्ड कॉल. एक वाजला की बोट आमच्या बाजूला येतेय. दोन वाजले की जाळं बारा सागरी मैलांच्या आत, म्हणजे किनाऱ्यापासून २२ किलोमीटरच्या आत पडणार. मी उशाशी फोन घेऊन निजायची. वाजला की पुढचा फोन करायची, मग उठून पडवीत बसायची. त्या रात्रींत मला कधी भीती वाटली असेल तर ती आमच्या होड्यांसाठी वाटली. तो तिथे काय जेवतो, कुठे निजतो, कोणाशी बोलतो, असलं काही माझ्या मनात आलं नव्हतं.

ते त्याने नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. बोटीवर निम्मे खलाशी नेपाळचे, काही कर्नाटकातले. इंजिनाच्या मागच्या बाजूला झोपायची जागा, तिथे डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास अंगात मुरतो. भंडारी, म्हणजे बोटीवर रांधणारा, सकाळी मोठ्या टोपात भात टाकायचा आणि आदल्या रात्रीच्या बांगड्यांचं लालभडक कालवण. सगळे एका परातीभोवती. नेपाळचा एक पोर घरच्या फोटोंतले डोंगर दाखवायचा आणि म्हणायचा, हे बघ, इथे पाणी नाही. पोहता न येणारी ही माणसं रात्रभर ओल्या फळीवर उभं राहून जाळं ओढतात. त्याला सुरुवातीलाच ताप आला तेव्हा तांडेलाने आपल्या डब्यातली गोळी दिली आणि दोन रात्री जाळ्यावर उभा केला नाही. "तेंचा मीठ खाल्लंय मी," असं तो एकदा म्हणाला आणि गप्प बसला.

दिव्यांविषयी मात्र तो भरभरून बोलला, आणि ते ऐकताना मला चीड यायच्या ऐवजी बघावंसं वाटलं, हे लिहायला हवं. दिव्याची बोट वेगळी, जाळ्याची वेगळी. जनरेटर सुरू झाला की दिवे पाण्याखाली उतरवतात. पाणी खालून हिरवं पेटतं. आधी बारीक किडा-कीटक गोळा होतो, त्यामागून बारका मासा, त्यामागून बांगडा, आणि मग सगळं मिळून गोल फिरायला लागतं. तो म्हणाला, दर्याच्या पोटात भोवरा पडल्यागत दिसतं, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर दर्यात राहून हे बघितलेलं नाही. मग जाळ्याची बोट त्या भोवऱ्याभोवती फेरी मारते, आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालच्या कड्यांतली दोरी ओढून तळ बंद करतात. त्या वेळी बोट हलू शकत नाही. जाळं पाण्यात असताना पळायचं म्हटलं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे मालकाची लाखोंची जिंदगी. आमच्या लोकांना नेमकी हीच वेळ हवी होती, आणि ती वेळ सांगायला तो तिथे होता.

त्या रात्री दोन वेळा फोन वाजला. होड्या बाहेर पडल्या तेव्हा दिवे बंद, इंजिन हळू. गस्ती नौकेला कळवलं होतं, ती वाटेवर होती. तोवर बोटीला गराडा घालून थांबायचं, जाळं उचलू द्यायचं नाही आणि कोणी बोटीवर चढायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलेलं बरंचसं पाळलंही गेलं. पण काळोखात, लाटेवर, दोन्हीकडे माणसं चिडलेली. कोणीतरी जाळ्याचं शिसं भिरकावलं, कोणीतरी तिकडून बांबू काढले. "लायटी बंद करा मेल्यांनो!" असा पहिला आवाज आला तो त्याच्या सख्ख्या काकाचा. काका त्याच्यापासून वीसेक हातांवर होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, उभा होता, आणि होडी अंगावर येऊ नये म्हणून तांडेलाने ज्यांच्या हाती बांबू दिले त्यांत हा होता. त्याने तोंडाला टॉवेल गुंडाळला. चेहऱ्यासाठी नव्हे, उजेड पाण्यात होता, वर कोणाचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. त्याला भीती आवाजाची होती. शिंक आली, ठेच लागली, तोंडातून "आवशीक" निघालं, की काका ओळखणार. मग तो बांबूने काकाची होडी ढकलत राहिला. काका शिव्या घालत राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. दिवे विझले तेव्हा पूर्वेकडे पांढरं फुटत होतं, एवढंच तो सांगतो.

आणि मध्येच केव्हातरी तांडेल त्याच्याजवळ आला. बातमी आतून फुटली आहे हे तोवर बोटीवर सगळ्यांना कळलं होतं. तांडेल एकेकाच्या तोंडाकडे बघत आला, याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि त्याच्या हातातला बांबू काढून घेऊन म्हणाला, "तू मागे जा. शिसं लागेल."

त्याला कळलं होतं का? तो म्हणतो, कळलं होतं. मला वाटतं, असेलही, नसेलही. दर्यावर उमेदवारी केलेला माणूस पोरसवद्या खलाशाला शिशाच्या समोरून बाजूला करतोच. पण याच्या मनात पक्कं बसलं आहे की तांडेलाने ओळखून त्याला वाचवलं. नंतर बोट बंदरात आणली, पंचनामा झाला, तांडेलाचं काम गेलं.

याच दिवसांत माझा भाचा मुंबईहून आला होता, आणि पावसात वीज असेल तेव्हा लॅपटॉपवर अंतराळयानांची एक जुनी मालिका बघायचा. एका भागात एक बाई जागी होते आणि आरशात बघते तर तिचा चेहरा शत्रूच्या जातीचा केलेला असतो. ती शत्रूच्या यानावर असते, त्यांच्याच गुप्त पोलिसातली अधिकारी म्हणून, आणि तिचं स्वतःचं यान बाहेर शोध घेत असतं. भाचा तोफा कधी सुटणार याची वाट बघत होता. मी मात्र जेवणाच्या प्रसंगाला अडकले. ती त्या यानाच्या कप्तानाच्या टेबलावर, तिच्या अधिकाऱ्यांसोबत जेवायला बसते. कप्तानही बाईच. तिच्या वडिलांना याच गुप्त पोलिसांनी रात्री घरातून ओढून नेलेलं. म्हणजे कप्तान द्वेष करते तो आपल्या नायिकेच्या खोट्या वर्दीचा, आणि तिचा तो द्वेष अगदी रास्त आहे. आपली बाई ते ऐकून घेते. तिला उत्तर देता येत नाही, सहानुभूती दाखवता येत नाही, कारण त्या वर्दीतलं माणूस तसं करणार नाही. भाचा म्हणाला, मावशी, यात काही होतच नाहीये. मला वाटलं, सगळं होतंय ते इथेच.

मग मला राजपुरीची होडी आठवली. मुरुडला आमचं एक नातं आहे, तिथून एका थंडीत जंजिरा बघायला गेलो होतो. राजपुरीच्या धक्क्यावर सुकत घातलेल्या मासळीचा उग्र वास, शिडाच्या होडीत दाटीवाटीने बसलेली माणसं, वारा धरेपर्यंत खलाशांची ओढाताण. किल्ल्याचा दरवाजा अगदी तटाला टेकेपर्यंत दिसत नाही, बुरुजांच्या मधे लपलेला आहे. वाटाड्याने सगळ्या गोष्टी ओळीने सांगितल्या. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव, दारावरचं पंजात हत्ती धरलेलं ते दगडी जनावर. कोळ्यांच्या राम पाटलाचा मेढेकोट, म्हणजे लाकडी तट, पिरमखानाने कसा घेतला तेही सांगितलं: व्यापारी म्हणून आला, दारूची पिंपं ठेवायला जागा मागितली, रात्री कोळी झिंगल्यावर पिंपांतून शिपाई बाहेर आले. म्हणजे त्या बेटाचा इतिहासच मुळी सोंग घेऊन आत शिरलेल्या माणसांपासून सुरू होतो. अशा जागी राहणारे लोक दारात आलेल्या पाहुण्याकडे कसे बघत असतील?

त्यांच्या दारात कोंडाजी फर्जंद गेला. ज्याने १६७३ साली अवघी साठ माणसं घेऊन रात्रीत पन्हाळा घेतला, तोच. संभाजी महाराजांशी बिनसलं असं सांगून तो सिद्दीच्या चाकरीत दाखल झाला. बेत असा की आतली माणसं फोडायची आणि दारूगोळ्याचं कोठार उडवून द्यायचं. हे सगळं १६८२ च्या जंजिऱ्याच्या मोहिमेच्या सुमारासचं. त्याच मोहिमेत महाराज स्वतः दंडा-राजपुरीला येऊन बसले, तोफा चालल्या आणि खाडी दगड-लाकडांनी बुजवून किल्ल्यापर्यंत सेतू बांधायचं काम काढलं. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरली, महाराजांना माघारी फिरावं लागलं, सेतू अर्धा राहिला. कोंडाजीचं त्याआधीच संपलं होतं. बेत फुटला, त्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं शिर उडवलं गेलं. इतिहासात हे सगळं चार ओळींत येतं, आणि त्या चार ओळींत एक गोष्ट असते जी वाटाड्याने घाईने उरकली: सिद्दीने त्याला चांगलं वागवलं. मान दिला, आसरा दिला. ज्याने पन्हाळा घेतला तो आपल्याकडे आला याचं त्याला अप्रूप वाटलं असणार.

कोंडाजीच्या धाडसावर आपण पोवाडे गाऊ शकतो, आणि गावेतच. कोठारापर्यंत पोचायला धाडस लागतं. पण कोठारापर्यंत पोचायच्या आधीचे दिवस असतात. त्या दिवसांत त्याच्या समोर रोज कोणीतरी ताट ठेवलं, कोणीतरी त्याला तटावरची सावली दाखवली, एखाद्या हबशी शिपायाने आपल्या पोराचं नाव सांगितलं. कोठार उडालं असतं तर त्यात तो शिपाई आणि त्याचं पोरही होतं. कोंडाजीला हे कळत नव्हतं असं मला मानता येत नाही; इतकी वर्षं माणसं हाताळलेला तो गडी होता. त्याने कळून केलं, म्हणून तो माझ्या लेखी मोठा आहे.

आणि ती बटीक. बेत बाहेर पडला तो एका दासीच्या तोंडून, असं सांगतात. वाटाड्या म्हणाला, "बाईने घात केला," आणि होडीतल्या पुरुषांनी चुकचुक केली. मला तेव्हाही ती चुकचुक बोचली होती. तिचं नाव कुठे नाही. ती कुठली हेही नाही. हबसाणातून जहाजात घालून आणलेली असेल, नाहीतर इथल्याच एखाद्या जाळलेल्या गावातून उचललेली. दोन्ही बाजूंनी माणसं धरली जात होती, विकली जात होती, आणि तिच्या वाट्याला आलेला किल्ला हाच तिचा मुलूख होता. त्या तटाच्या आत तिची भाकर होती. कोठार उडालं असतं तर ती वाचली असती का? तिला कोणी विचारलं होतं का, की बाई गं, तू कोणाकडची? ती आमच्या बाजूने बोलली असती तर आम्ही तिचं देऊळ बांधलं असतं. तिच्या बाजूने बघितलं तर तिने घरात आलेली आग बघितली आणि आरडाओरडा केला. तिने कोंडाजीचं शिर घेतलं हे खरं, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी माझ्यात एकमेकींशी भांडत नाहीत, शेजारी शेजारी बसून आहेत.

आमच्या पोराचं शिर शाबूत आहे. पण त्याचं काय झालं ते बघते आहे. काही महिन्यांनी खरी गोष्ट वाडीत फुटलीच. त्याचा काका त्याच्याशी बोलतो, पण होडीवर घेत नाही. म्हणतो, माझ्या होडीक बांबू लावलो तेणी. समितीतल्या दोघांनी समजावून सांगितलं की तो आपल्याच कामावर होता, नाहीतर बोट सापडलीच नसती. काका म्हणतो, माका म्हायत हा. म्हायत हा, तरी नाय. दुसरे कोणी कोणी म्हणतात, दोन्हीकडचा पगार खाल्ला. हे खोटं आहे. आम्ही त्याला दमडी दिली नव्हती. आणि त्याच्या तोंडून तांडेलाचं कौतुक निघालं की माणसं एकमेकांकडे बघतात. त्याने शत्रूचा द्वेष करत परत यायला हवं होतं, अशी सगळ्यांची अपेक्षा. पण जो नुसता द्वेष करत गेला असता तो आठ दिवसांत पकडला गेला असता! एका परातीत मनापासून जेवल्याशिवाय कोणी तुम्हाला आपल्यात धरत नाही. आम्ही त्याला तिथे माणूस म्हणून मिसळायला पाठवलं, तो मिसळला, आणि आता त्याचा हिशेब आम्ही त्याच्याकडेच मागतो आहोत.

जंजिऱ्याच्याच गोष्टींत लाय पाटलाची एक आहे. १६७६ साली या सोनकोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांच्या धारकऱ्यांची वाट बघत राहिला. ते वेळेवर पोचलेच नाहीत. उजाडू लागलं तेव्हा त्याला शिड्या काढून परतावं लागलं. किल्ला मिळाला नाही. तरी शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, आणि दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला तेव्हा गलबत बांधून दिलं आणि त्या गलबताचं नाव 'पालखी' ठेवलं, असं सांगतात. मला त्यात मानापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की महाराजांनी त्या माणसाला पुन्हा त्याच्या दर्यावर, त्याच्या कामावर उभं केलं.

परवा समितीची बैठक झाली. शेजारच्या बंदरातल्या लोकांनी विचारलं आहे की या मोसमात त्यांच्याकडूनही एखादा पोरगा बोटीवर घालायचा, तुमचा अनुभव आहे, सांगा कसं करायचं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण फोन माझ्याकडे होता. मी सांगितलं, फोनचं कसं ते मी शिकवीन. दिवे बंद व्हावेत असं मला कालही वाटत होतं, आजही वाटतं. पण आधी आमच्या माणसाचं ठरू दे. जितके दिवस तो त्या बोटीवर होता तितक्या दिवसांचा त्याचा रापणीतला वाटा काढून द्या, कारण तो आपल्या जाळ्यालाच हात लावून होता. आणि या नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात ढकलताना त्याला नाळेशी उभा करा, काकाच्या होडीच्या. वाट्याचं सगळ्यांना पटलं, पैसे थोडे आहेत पण निघतील. नाळेचं काकाला विचारावं लागेल, असं ठरलं. मीच जाणार आहे विचारायला, रविवारी, तो जाळं शिवायला बसतो तेव्हा.